मुलींची बाजी बारावीपर्यंतच का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलींचा गणित आणि विज्ञानाकडे ओढा कमी का, या विषयावर गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत लेख आला होता. तो मी दोनदा वाचला आणि दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून शेवटी हे लिहायला बसले. मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते, सत्तावीस वर्षं झाली, सायन्सच्या किती बॅचेस हाताखालून गेल्या ते आता मोजत नाही. लेखात शेवटी असं म्हटलंय की मुलींना मुळातच अमूर्त विषयांपेक्षा माणसांशी जोडलेले विषय जवळचे वाटतात म्हणून त्या इकडे कमी येतात आणि पालकांनी लहानपणापासून गोडी लावली पाहिजे. गोडी लावावीच, त्याबद्दल वाद नाही, पण ओढच कमी आहे हे मला अजिबात पटलेलं नाही आणि रोज या मुलींसमोर उभी असते म्हणून ते सांगायचा मला हक्क आहे असं मी समजते.

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की तुमच्याच पेपरात पहिल्या पानावर हेडिंग असतं, यंदाही मुलींची बाजी. ते खरंही असतं, पास होण्याचं प्रमाण मुलींचं जास्तच असतं. बरं, या मुली नंतर सायन्स सोडून पळून जातात असंही नाही. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या सर्व्हेत २०२१-२२ साली पदवीपासून पीएचडीपर्यंत विज्ञान शाखेत मुली होत्या २९.८ लाख आणि मुलं २७.४ लाख. म्हणजे मुली जास्त! आणि त्याच देशात प्रत्यक्ष संशोधनाचं काम करणाऱ्यांत बायका शंभरात वीससुद्धा नाहीत. मग मधे काय झालं? ओढ नसती तर तीस लाख मुली आल्या कशाला असत्या, प्रॅक्टिकलच्या फायली भरायला आणि दोन-दोन एसटी बदलून कॉलेजला यायला कुणाला हौस असते का.

एक मान्य करते की सगळ्या विषयांत सारखं नाही. बायो, केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी इकडं मुली भरपूर, गणित आणि फिजिक्समध्ये पुढं पुढं विरळ होत जातात. पण यातही आवड किती आणि घरचा निर्णय किती हे बघायला पाहिजे. अकरावीच्या ॲडमिशनला टेबलावर मी बसते, तिथं काय चालतं ते बघते. मुलगा असला की बाप विचारतो जेईईचं काय, मुलगी असली की म्हणतो मॅडम हिला बायो द्या, गणित कशाला, झेपलं नाही तर टक्के जातील. मुलीला दहावीला गणितात ९६ असतात आणि ती शेजारी गप्प उभी असते. मी म्हणते दोन्ही घेऊ द्या की, पीसीएमबी घ्या, तर म्हणतात नको, क्लासची फी दोनदा कोण भरणार. आणि भावाला मात्र लातूरला ठेवलेलं असतं. हे एकाच घरात बघितलंय मी, एकदा नाही अनेकदा. क्लास सुटतो रात्री साडेआठला, शेवटची एसटी त्याआधी गेलेली असते, मुलगा मित्राच्या गाडीवर येतो, मुलीचा क्लासच बंद होतो. एवढ्यासाठी.

चार-पाच वर्षांपूर्वी मी बारावीच्या मुलांना एक काम दिलं होतं. मोजमाप शिकवत होते तर म्हटलं कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत पंधरा-पंधरा मिनिटांच्या भागात लिहून आणा, नाव घालू नका, फक्त मुलगा का मुलगी ते लिहा. मला खरं तर त्यातून एरर शिकवायची होती. कागद हातात आले आणि मी ते स्टाफरूममध्ये वाचत बसले, तास संपला तरी उठले नाही. मुलींच्या कागदावर पाणी भरणं, भाकरी, वडलांचा डबा, लहान भावाची शाळेची तयारी, संध्याकाळी परत भांडी, आणि मग अभ्यास म्हणजे साडेनऊनंतर उरलेला. मुलांच्या कागदावर क्लास, ग्राउंड, मोबाईल, अभ्यास, झोप. मोठेपणी पण हेच चालू राहतं. सरकारनं २०१९ साली देशभर वेळेचा सर्व्हे केला होता, त्यात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांची ९७. म्हणजे बाईचे पाच तास रोज घरात जातात, त्याचा पगार नाही. गणिताला काय लागतं हो, कागद आणि पेन आणि सलग वेळ. तो सलग वेळच जर मिळत नसेल तर डोकं कितीही चांगलं असून काय करायचं.

यावर माझ्याकडं सगळ्यात जवळचं उदाहरण आहे ते गणितज्ञ मंगला नारळीकरांचं, जयंत नारळीकरांच्या पत्नी. बाई २०२३ साली गेल्या. १९६४ ला मुंबई विद्यापीठाची एमए गणितात सुवर्णपदक मिळवून केली, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत काम केलं, मग लग्न, केंब्रिज, मुली, घर, सासू-सासरे, आणि पीएचडी झाली १९८१ ला. मधल्या वर्षांत हुशारी कुठं गेली नव्हती. इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसनं २००८ मध्ये स्त्री शास्त्रज्ञांच्या आत्मकथनांचं पुस्तक काढलं त्यात त्यांनी स्वतःच लिहिलंय की आपली गोष्ट त्या पिढीतल्या अनेक शिकलेल्या बायकांसारखी आहे, घरची जबाबदारी आधी आणि करिअर नंतर. त्या तक्रार करत नव्हत्या, समाधानानं लिहिलेलं आहे, पुढं त्यांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांचं केवढं मोठं काम केलं ते महाराष्ट्राला माहितीच आहे. पण मी ते वाचून थांबले होते. इतक्या शिकलेल्या, विज्ञानाला वाहिलेल्या घरात जर हा क्रम ठरलेला असेल तर माझ्या वर्गातल्या मुलीनं काय करायचं.

आता माझं सांगते. १९९४ ला मी एमएस्सी झाले, फर्स्ट क्लास होता, एका संस्थेत प्रोजेक्टवर जागा निघाली होती तिथं मुलाखत दिली. कुठली संस्था ते महत्त्वाचं नाही, तेव्हा सगळीकडं हेच होतं. समोर चार जण, सगळे पुरुष. थिन फिल्म्सवर वीस मिनिटं विचारलं, मी नीट उत्तरं दिली, आणि मग त्यातल्या एकानं विचारलं दोन वर्षांत लग्न तर नाही ना करणार? माझी सुपारी फुटली होती, तारीख धरायची बाकी होती. मी म्हटलं नाही, इतक्यात नाही. खोटं बोलले. जागा मिळाली, सात महिन्यांनी लग्न झालं, अजून वर्षानं मिस्टरांची बदली झाली आणि मी प्रोजेक्ट सोडलं. सोडताना गाइड काही बोलले नाहीत फक्त बघितलं, आणि कितीतरी वर्षं मला वाटायचं की माझ्यामुळं आता पुढच्या मुलीला हे अजून दरडावून विचारणार. अपराधी वाटायचं. पण माझ्याबरोबर लागलेला जो मुलगा होता त्याचंही त्याच वर्षी लग्न झालं होतं, त्यानं लॅबमध्ये पेढे वाटले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला मुलाखतीत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. त्याची बायको नोकरी सोडून त्याच्या मागं आली होती. हे माझ्या लक्षात यायला मला पंधरा वर्षं लागली, तोवर मी मलाच दोष देत होते.

आणि हा प्रश्न नवा नाही बघा. आपल्याच जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, तेव्हाच्या भागवत, दुर्गाबाईंच्या बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून बीएस्सीला उत्तम यश मिळवून बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला, तर तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नाकारला. त्या हटल्या नाहीत, जाऊन ठाण मांडून बसल्या, शेवटी घेतलं पण अटी घालून. पहिलं वर्ष चाचणीवर, काम पसंत पडलं तरच पुढं, आणि त्यांच्यामुळं पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. त्याच बाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी घेतली, विज्ञानात ती मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री. आपण त्यांचं नाव अभिमानानं घेतो, सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पाठ करतो. पण मला प्रत्येक वेळी वाटतं की त्या वर्षी अर्ज नाकारल्यावर गप घरी गेलेल्या, ज्यांना ठाण मांडून बसता आलं नाही, ज्यांच्या घरी केमिस्ट्री शिकलेले वडील आणि काका नव्हते, त्या किती असतील. असामान्य असेल तरच बाईनं शिरायचं आणि पुरुष साधारण असला तरी चालतो, हाच मोठा फरक आहे. माझ्या वर्गातली साठ टक्केवाली मुलगी आणि साठ टक्केवाला मुलगा यांच्यात मुलगा इंजिनिअरिंगला जातोच कुठंतरी, मुलगी बीए होते नाहीतर लग्न.

कुणी म्हणेल आता असं उघड कुणी विचारत नाही. उघड नसेल विचारत. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या लोकांनी २०१२ साली एक प्रयोग केला होता, १२७ विज्ञानाच्या प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एकच अर्ज पाठवला, अक्षर न् अक्षर सारखा, फक्त निम्म्यांना जॉन नावानं आणि निम्म्यांना जेनिफर नावानं. जॉन जास्त लायक ठरला आणि त्याला पगारही जास्त देऊ केला, आणि असं करणाऱ्यांत बायका प्राध्यापकही होत्या. म्हणजे मी पण असेन. मी माझ्या वर्गात प्रयोगाच्या टेबलावर मुलाला सर्किट जोडायला सांगायचे आणि मुलीला रीडिंग लिहायला, अक्षर चांगलं असतं म्हणून. कित्येक वर्षं केलंय हे. एका मुलीनंच विचारलं मॅडम मी जोडू का आज, तेव्हा कळलं. आता पाळीपाळीनं जोडायला लावते.

आमच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य नेहमी ऐकू येतं, मुलीची सीट वाया जाते. लग्न करून घरी बसणार, मग त्या सीटवर एखादा गरजू मुलगा शिकला असता. हे बोलणारे वाईट लोक नाहीत, जिव्हाळ्याचे सहकारी आहेत, पण मी त्यांना प्रत्येक वेळी विचारते की आयआयटीतून मेकॅनिकल करून जो मुलगा एमबीए करून बँकेत जातो त्याची सीट वाया गेली असं तुम्ही म्हणता का? त्याला प्रगती म्हणतात. आयआयटीत २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा काढल्या तेव्हापण हेच ऐकलं, की मुलांवर अन्याय. अहो त्या जादा आहेत, मुलांच्या जागा कमी न करता वरून वाढवलेल्या आहेत. त्याआधी मुली शंभरात दहासुद्धा नव्हत्या, दोन-तीन वर्षांत वीसच्या आसपास आल्या. इतक्या लवकर आवड बदलत नाही ना? मुली आधीपासून होत्याच, दार अरुंद होतं. काहींना मिळत होतं ते लांबच्या आयआयटीत मिळत होतं आणि घरचे एवढ्या लांब पाठवत नव्हते, त्याऐवजी जवळचं कॉलेज. जागा वाढल्या, चांगली शाखा आणि जवळचं ठिकाण मिळायला लागलं, तर मुली गेल्या.

पण सगळ्यात कमी बोललं जातं ते नोकरीबद्दल. आपण सगळा दोष लग्न आणि पोरं यावर टाकून मोकळे होतो, मीही बऱ्यापैकी तेच केलं वर. भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले बाई, आपल्या पुण्याच्या, २०२४ ला गेल्या, त्यांनी आणि अनिता कुरूप वगैरे संशोधकांनी २०१० साली पीएचडी झालेल्या बायकांचा मोठा अभ्यास केला होता की शिकून या जातात कुठं आणि का. त्यात असं दिसलं की संशोधनाबाहेर राहिलेल्या बऱ्याच जणींनी कारण घर हे दिलंच नाही, त्या म्हणाल्या आम्हाला लायक नोकरीच मिळाली नाही. ही गोष्ट आपण ऐकूनच घेत नाही कारण बाई घरी बसली म्हणजे ती स्वखुशीनं बसली असंच आपण धरून चालतो.

महाराष्ट्रात हे रोज बघायला मिळतं. सिनियर कॉलेजमध्ये कायम जागांची भरती वर्षानुवर्षं रखडलेली, सगळा कारभार सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे देऊन. माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, गणितात एमएस्सी, सेट म्हणजे प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा पास, मग पीएचडी पण केली, आणि आज दोन कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, जितके तास तितके पैसे, सुट्टीत काही नाही, आणि तेही महिनोन्महिने उशिरा. तिच्याबरोबरीची मुलंपण याच हालात आहेत हे खरं, पण मुलगा असला की घरचे म्हणतात थांब, लागेल कधीतरी कायम. तिला सासरचे म्हणतात एवढ्याशा पैशासाठी लेकराला सोडून कशाला जातेस, पेट्रोल पण निघत नाही. आणि हिशोब बघितला तर ते खोटंही बोलत नाहीत! पाळणाघराची फी आणि गाडीचा खर्च वजा केला तर तिच्या हातात काहीच राहत नाही. गेल्या दिवाळीत भेटायला आली होती, म्हणाली मॅडम मी बीएड करू का, शाळेत तरी लागेन. पीएचडी झालेली मुलगी. मला काय बोलावं सुचेना, मी तिला चहा दिला आणि तिच्या पेपरबद्दल विचारत बसले कारण ते विचारल्यावर तिचा चेहरा खुलतो, ग्राफ थिअरीतलं काहीतरी आहे, मला अर्धंच कळतं.

कागदावर सोयी आहेत, नाही असं नाही. यूजीसीच्या नियमात २०१६ पासून पीएचडी करणाऱ्या मुलीला एकदा २४० दिवसांची बाळंतपणाची रजा आहे आणि मुदतीतही दोन वर्षांची सवलत आहे. केंद्राच्या विज्ञान तंत्रज्ञान खात्याची खंड पडलेल्या बायकांसाठी २००२-०३ पासून स्कीम आहे, चांगली आहे, कित्येक जणी तिच्यामुळं परत आल्या. पण ते तीन वर्षांचं प्रोजेक्ट संपलं की पुढं काय, वय चाळिशीच्या घरात, कायम जागेला अर्ज करावा तर बरोबरीच्या पुरुषाचे पेपर दुप्पट. २०१७ पासून कायद्यानं पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर असायला हवं. आपल्या जिल्ह्यातल्या किती कॉलेजांत आहे? आमच्याकडं नाही. आमच्याकडं बायकांच्या टॉयलेटला मागच्या वर्षापर्यंत कडी नव्हती.

नीट बघितलं तर सगळं एकाच जागी येऊन अडकतं. संशोधनात माणूस उभा राहतो तो बावीस ते पस्तिसात. पीएचडी तेव्हा, पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन तेव्हा, दोन वर्षं या गावात दोन वर्षं परदेशात असं फिरणं तेव्हा, तरुण शास्त्रज्ञांच्या फेलोशिपच्या वयाच्या अटीही तेव्हाच. आणि मुलीचं लग्न, पहिलं मूल, दुसरं मूल, सासऱ्यांचं आजारपण, नवऱ्याची बदली हे पण बरोबर त्याच वर्षांत. हे वेळापत्रक कुणी देवानं आखलेलं नाही, ज्यांच्या घरी सगळं बघायला बाई होती अशा पुरुषांच्या सोयीनं ते बनलंय. ते बदलता येतं. वयाची अट मुलांच्या जन्मानुसार पुढं नेता येते, नवरा-बायको दोघं संशोधक असले तर एका गावात जागा देता येतात, बऱ्याच संस्थांत नातेवाईक नको म्हणून मुद्दाम टाळतात ते बंद करता येतं. लॅबमध्ये मशीनचा स्लॉट रात्री दोनचा मिळाला तर मुलीला होस्टेलवर परत सोडायला गाडी ठेवता येते. यात अशक्य काय आहे.

संपादकसाहेब, तुमच्याकडं एक मागणं आहे. ११ फेब्रुवारीला विज्ञानातल्या महिला आणि मुलींचा दिवस असतो, २८ ला विज्ञान दिन, मग ८ मार्च. त्या दिवसांत तुम्ही इस्रोतल्या साड्या नेसलेल्या बायकांचे फोटो छापता, मला ते फोटो आवडतात, मी ते वर्गात लावलेत. यंदा त्याच्याबरोबर एक चौकट पण छापा. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक सिनियर कॉलेजात गणित आणि फिजिक्सला कायम प्राध्यापक किती, त्यात बायका किती, सीएचबीवर किती, त्यात बायका किती, पाळणाघर आहे का. तुमचे बातमीदार दोन दिवसांत माहिती गोळा करतील, लागलं तर माहिती अधिकारात अर्ज मी स्वतः टाकते. आणि मुलींना आवड का नाही असं विचारणाऱ्या लेखाऐवजी हे आकडे घेऊन त्या त्या संस्थाचालकांना फोन करून विचारा की बाई का नाही, आणि ते जे सांगतील ते त्यांच्या नावानिशी छापा.

परवा अकरावीचे ॲडमिशन फॉर्म परत सुरू होतायत. मी टेबलावर असणार आहे. दहावीला गणितात नव्वदच्या वर असलेल्या मुलींची यादी मी काढून ठेवली आहे, चौदा जणी आहेत, त्यांच्या आईवडलांशी बसून बोलणार आहे, आणि क्लासनंतर घरी सोडायला गाडीची काही सोय होते का ते गावातल्या दोघा-तिघांशी बोलून बघतेय. तुमच्या वाचकांपैकी कुणाला त्यात हातभार लावायचा असेल तर पेपरच्या ऑफिसमार्फत कळवावं.

पत्र लांबलं, काटछाट करावी लागली तर माझ्या मुलाखतीचा भाग काढा पण चौकटीचं राहू द्या. नाव छापू नये ही विनंती.

आपली नियमित वाचक,
फिजिक्सची एक शिक्षिका, जि. सातारा